अन्नाचे वावडे



आज जो विषय मी आपल्यापुढे मांडणार आहे, तो खरे म्हणजे डॉक्टरांचा. मी डॉक्टर नव्हे. कॉलेजात मुलांना शिकवणारा एक साधा अध्यापक आहे. मग मी या विषयात का पडलो, हे आधी सांगितले पाहिजे. कारण त्यात माझा स्वतःचा एक अपराध आहे.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. संक्रांतीला माझी धाकटी बहीण मुलाला घेऊन आमच्या गावी आली होती. भाचा सात वर्षांचा. बहिणीने आल्याआल्याच सांगितले, "दादा, याला दाणे चालत नाहीत हं. तोंडाला खाज सुटते." मी हसलो. मनात म्हटले, हल्लीच्या मुलांचे हे नखरे! शेंगदाण्यावर तर आमच्या चार पिढ्या पोसल्या. सायंकाळी सगळी मुले जमली, आणि मी माझ्या हाताने त्याच्या तोंडात तिळगुळाचा लाडू घातला. तो "नको मामा, नको मामा" म्हणत होता. मी म्हटले, "अरे, तिळाचा आहे, दाण्याचा नव्हे. आणि सणाला नाही म्हणू नये." लाडवात दाण्याचे कूट होते, हे मला ठाऊकही नव्हते.

पाच-सात मिनिटांत त्याचे ओठ सुजले. अंगावर गांधी उठल्या. आमची आई म्हणाली, "पित्त उठलंय, आमसूल लावा." शेजारच्या काकू मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला धावल्या. तेवढ्यात त्याला उलटी झाली, खोकला लागला आणि आवाज घोगरा झाला. सुदैवाने प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ होते आणि डॉक्टर जागेवर होते. त्यांनी एक प्रश्न विचारला, "काय खाल्लं?" आणि उत्तर पुरे होण्याआधीच मांडीत इंजेक्शन दिले. मुलगा वाचला. रात्रभर त्याच्या उशाशी बसून मी एकच विचार करीत होतो, की पोर "नको" म्हणत होते आणि मी मायेनेच त्याला मारायला निघालो होतो. पुढे मी या विषयावर वाचले, जाणत्या डॉक्टरांना विचारले. त्यातले जे घराघरात आणि शाळाशाळांत उपयोगी पडेल, तेवढे आज सांगतो.

आपल्या भाषेत यासाठी एक नेमका शब्द पूर्वीपासून आहे : वावडे. "मला वांग्याचे वावडे आहे," असे आपण सहज म्हणतो. आयुर्वेदानेही सात्म्य आणि असात्म्य असा भेद केला आहे. जे एकाला मानवते ते दुसऱ्याला मानवेलच असे नाही. ज्याला आज सर्वत्र 'ॲलर्जी' म्हणतात, त्या शब्दाला मात्र फार दिवस झालेले नाहीत. व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये तो दोन ग्रीक शब्द जोडून बनवला. शरीराचे 'वेगळेच वागणे', असा त्याचा भाव आहे.

त्याच्या थोडे आधी, १९०२ मध्ये, फ्रान्समधले शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली होती. समुद्रातल्या एका प्राण्याचे विष ते कुत्र्यांना टोचून पाहत होते. पहिल्या वेळी जे कुत्रे तगले, त्याला काही आठवड्यांनी त्याहून कितीतरी कमी विष टोचले, तर ते काही मिनिटांतच गेले! सवयीने ताकद वाढण्याऐवजी उलट घडले. या शोधाबद्दल रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपणही हे लक्षात ठेवावे. थोडे थोडे खाऊ घालून वावडे 'मोडता' येते, ही समजूत घरच्या घरी करून पाहण्यासारखी नाही. काही देशांत तज्ज्ञ डॉक्टर अगदी अल्प मात्रेपासून असे उपचार करतात, पण ते दवाखान्यात, औषध हाताशी ठेवून.

हे घडते कसे? आपल्या गावच्या जागल्याचा दाखला घेऊ. चोरांपासून गाव राखणे हे त्याचे काम. शरीरातही रोगजंतूंपासून राखण करणारी अशीच एक यंत्रणा आहे. पण एखादे वेळी या जागल्याची गफलत होते, आणि दूध, अंडे, दाणे यांतले एखादे निरुपद्रवी प्रथिन, म्हणजे घरी आलेला पाहुणाच, त्याला चोर वाटतो. पहिल्या भेटीत तो फक्त त्याचे वर्णन टिपून ठेवतो. हे वर्णन म्हणजे रक्तातले 'आय-जी-ई' नावाचे प्रतिपिंड. त्यांचा शोध १९६६-६७ च्या सुमारास इशिझाका या जपानी पतिपत्नींनी आणि त्याच वेळी स्वीडनमधील संशोधकांनी लावला. दुसऱ्यांदा तोच पाहुणा दिसला, की जागल्या आरोळी ठोकतो. मग शरीरातल्या विशिष्ट पेशी हिस्टामिनसारखी द्रव्ये एकदम सोडतात. कातडीवर गांधी, ओठांवर सूज, पोटात मुरडा, श्वासनळीला आवळ, आणि बेताबाहेर गेले तर रक्तदाब खाली. चोर नसताना सारा गाव काठ्या घेऊन धावला आणि घरेच मोडली, असा हा प्रकार.

आता एक सावधगिरी. न पचणारे सगळेच काही वावडे नव्हे. दूध प्याल्यावर पोट फुगते, जुलाब होतात. मोठ्या माणसात हे बहुधा दुधातली साखर न पचल्याने होते. त्रास होतो, पण जिवाला धोका नसतो, आणि ताक-दही पुष्कळांना चालते. गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा एक वेगळा आजार आहे. त्याचे पथ्य वेगळे आणि ते जन्मभर पाळावे लागते. कोकणातल्या मंडळींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उन्हात राहिलेला, बर्फावाचून ठेवलेला बांगडा खाल्ला, तर तोंड लाल होते, अंगावर पुरळ येते, डोके धडधडते. ते बांगड्याचे वावडे नव्हे. खराब होऊ लागलेल्या मासळीतच हिस्टामिन तयार झालेले असते, आणि शिजवल्याने ते जात नाही. तेव्हा दोष माशाच्या जातीचा नसून शिळेपणाचा असतो.

मग खरे वावडे ओळखावे कसे? बहुधा ते खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते दोन तासांत दिसते, आणि तोच पदार्थ खाल्ला की पुन्हा दिसते. घरात एक वही करा. काय खाल्ले, किती वाजता, काय झाले, किती वेळाने झाले, एवढे चार रकाने पुरेत. शाळेत जाणारे मूलसुद्धा हे लिहील. डॉक्टरांना या वहीचा उपयोग एखाद्या महागड्या तपासणीइतका होतो. नुसत्या रक्ताच्या तपासणीवर विसंबू नये, याचे कारण ऐका. दक्षिण कर्नाटकातल्या प्रौढ माणसांच्या एका पाहणीत, जी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, रक्तात संवेदन दिसलेले लोक शंभरात सुमारे सव्वीस निघाले. पण ज्यांना बहुधा खरीखुरी अन्नाची ॲलर्जी असावी असे लोक शंभरात एकाच्या आसपासच. म्हणजे नुसता कागद पाहून वीस पदार्थ बंद केले, तर पंचवीस जणांची निष्कारण उपासमार! जेवढे खरोखर बाधते तेवढेच सोडावे; बाकी सारे खावे. पथ्याचा पहिला नियम हाच.

पथ्याचा दुसरा नियम असा, की जे सोडावयाचे ते पुरतेपणी सोडावे. "एवढ्याशाने काय होते?" हे वाक्य घरातून हद्दपार करा. आणि तिसरा नियम : जे सोडले, त्याच्या जागी दुसरे काही दिलेच पाहिजे. नाही तर वावड्याने नाही, पण कुपोषणाने मूल वाळेल. हे तीन नियम धरून एकेक पदार्थ पाहू.

प्रथम आपले शेंगदाणे. महाराष्ट्राच्या स्वयंपाकात दाणे कुठे नाहीत, ते विचारा! कोशिंबिरीत कूट, साबुदाण्याच्या खिचडीत कूट, भरल्या वांग्यात कूट, आमटीत, पालेभाजीत, चिवड्यात, चिक्कीत, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे तिळगुळातही. ते डोळ्यांना दिसत नाहीत, हीच अडचण आहे. म्हणून अशा घरात कुटाचा डबाच नसावा, हे उत्तम. त्याऐवजी सुके खोबरे भाजून कुटावे. तीळ, जवस किंवा कारळे चालत असतील तर त्यांचे कूट करावे. पण तिळाचेही वावडे असू शकते, तेव्हा डॉक्टरांना विचारून. तेलाचीही गोष्ट आहे. कारखान्यात शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, पण घाण्याच्या तेलात थोडे उरते. आणि प्रथिन हेच तर वावड्याचे मूळ. घाण्याचे शेंगतेल इतरांना कितीही चांगले असो, या माणसाने ते वर्ज्य करावे.

दुसरे दूध. लहान मुलांत दुधाचे वावडे अधिक दिसते, आणि आनंदाची गोष्ट अशी की बहुतेकांचे ते वाढत्या वयात जाते. "गाईचे चालत नाही ना, मग शेळीचे द्या, म्हशीचे द्या," असा सल्ला गावोगाव मिळतो. तो चुकीचा आहे. या दुधांतली प्रथिने एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात, की एक बाधणाऱ्याला बहुधा दुसरेही बाधते. दही, ताक, खवा, पनीर, पेढा, बिस्किटे यांत दूध आहे. तुपातही त्याचा अंश राहतो. तान्ह्या बाळाला आईचेच दूध द्यावे. क्वचित आईला स्वतःच्या आहारातून दूध वगळावे लागते, पण ते डॉक्टरांनी सांगितले तरच. मोठ्या मुलाला दुधाऐवजी काय? आपल्या नाचणीला विसरू नका. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच गाईच्या दुधात सव्वाशेच्या आतबाहेर. नाचणीची भाकरी, आंबील, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, चालत असल्यास तीळ, आणि प्रथिनांसाठी डाळी व अंडी अशी सांगड घालावी.

तिसरे अंडे. केक, काही बिस्किटे, बेकरीचे जिन्नस, कटलेट यांत ते लपलेले असते. इथे एक महत्त्वाची गोष्ट. अंड्याचे वावडे म्हणून काही आईबाप गोवराची लस टाळतात. तसे करू नये. अंड्याचे वावडे असलेल्या मुलांनाही ती लस सुरक्षित आहे, असे वैद्यकशास्त्राचे मत आहे. लस देणाऱ्या ताईंना सांगून ठेवा, पण लस अवश्य घ्या.

चौथा गहू. इथे आपण महाराष्ट्रीय लोक भाग्यवान. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा एवढे धान्य आपल्या दारात आहे. गव्हावाचून आपले काही अडत नाही. घावन, आंबोळी, उकडीचे मोदक सारे तांदळाचेच. मात्र दोन जागा फसव्या आहेत. थालीपिठाच्या भाजणीत पुष्कळदा गहू असतो. आणि दुकानातल्या हिंगाच्या पुडीत बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. आमटी तांदळाच्या भाताबरोबर खाल्ली तरी फोडणीतून गहू पोटात जातो तो असा.

पाचवी मासळी. किनाऱ्यावरच्या आणि गोव्यातल्या घरांना हे वावडे फार जड जाते. यात दोन वेगळ्या जाती समजून घ्या. सुरमई, बांगडा, बोंबील हे मासे एक, आणि कोळंबी, खेकडे, जवळा ही कवचाची मासळी दुसरी. एक बाधली म्हणजे दुसरी बाधेलच असे नाही. ते तपासून घ्यावे. पण सुक्या बाजारात सारे एकाच टोपलीत असते, आणि सोडे, जवळा, किसमूर यांचा चुरा सहज इकडचा तिकडे जातो. या प्रथिनांना शिजवण्याची भीती नसते. उकळले तरी ती तशीच राहतात. काही जणांना कोळंबी शिजतानाच्या वाफेनेही दम लागतो. अशा माणसाला चुलीपासून दूर बसवावे. दाण्यांचे, माशांचे आणि कोळंबीचे वावडे बहुधा जन्मभर टिकते, हेही सांगून ठेवतो. याशिवाय काजू, सोयाबीन, हरभरा, मोहरी, वांगे यांचीही वावडी आढळतात.

स्वयंपाकघरात जशी सोवळ्याची शिस्त जुनी माणसे पाळीत, तशीच शिस्त इथे हवी. कारण तेवढे वेगळे. त्या मुलाचे जेवण आधी करावे, मग इतरांचे. झारा, पळी, खलबत्ता, मिक्सरचे भांडे वेगळे किंवा घासून घेतलेले असावे. ज्या तेलात कोळंबी तळली त्यात त्याची भजी तळू नयेत. दाणे हाताळलेले हात साबणाने धुवावेत. नुसते पाणी पुरत नाही.

बाजारातून आणलेल्या पुड्यांविषयी. आपल्या देशात २०२० च्या लेबलविषयक नियमांप्रमाणे ग्लूटेन असलेली धान्ये, कवचाची मासळी, दूध, अंडी, मासे, दाणे व काजू-बदामासारखी कवचफळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणावरील सल्फाइट यांचा उल्लेख पाकिटावर करावा लागतो. 'कंटेन्स' या इंग्रजी शब्दापुढे तो असतो. शिक्षकहो, हा एक शब्द तेवढा आयाबायांना वाचायला शिकवा. त्या २०२० च्या यादीत तिळाचे आणि मोहरीचे नाव मात्र नव्हते, म्हणून घटकांची सारी ओळ वाचावी. हिरव्या ठिपक्याचा अर्थ शाकाहारी एवढाच. दूध, दाणे, गहू त्यात असू शकतात. आणि सुटे फरसाण, हलवायाची मिठाई, जत्रेतला खाऊ यांना लेबलच नसते. तिथे न खाणे हेच शहाणपण.

आता संकटकाळी काय करावे, ते नीट ऐका. नुसत्या चार गांधी उठल्या तर डॉक्टरांनी दिलेली गोळी पुरते, पण मुलावर नजर ठेवावी. मात्र आवाज घोगरा झाला, श्वास लागला, जीभ सुजली, वारंवार उलटी होऊ लागली, चक्कर आली किंवा मूल मलूल पडले, तर तो जीवघेणा प्रकार समजावा. त्यावर पहिले औषध एकच : ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. पित्ताची गोळी, आमसूल, दृष्ट यांत एक मिनिटही घालवू नका. रुग्णाला आडवे निजवा, पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसू द्या. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. त्याला उठवून चालवू नका. १०८ क्रमांकाला फोन करा आणि "खाण्याने ॲलर्जी झाली, श्वास लागलाय" असे स्पष्ट सांगा. जवळचे आरोग्य केंद्र आधी गाठता येत असेल तर तिकडे न्या. बरे वाटले तरी लगेच घरी आणू नका. काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो. ज्याला दमाही आहे, त्याच्या बाबतीत दुप्पट सावध राहा. आणि एकदा असे घडले असेल, तर इंजेक्शन जवळ ठेवावे काय व ते कसे द्यावे, हे डॉक्टरांकडून शिकून घ्या. आणीबाणीच्या वेळी शिकायला सवड नसते.

शिक्षक मित्रहो, आता तुमच्याकडे वळतो. वर्षाच्या आरंभी पालकांना एक प्रश्न विचारा : "मुलाला कशाचे वावडे आहे काय?" उत्तर हजेरीपटाच्या पहिल्या पानावर लिहा, आणि भोजन शिजवणाऱ्या ताईंना तोंडी सांगा. पंधरा ऑगस्टचा खाऊ, वाढदिवसाची चॉकलेटे, डब्यांची अदलाबदल, सहलीतली भेळ या चार जागी जपा. त्या मुलाला पंगतीबाहेर बसवू नका. त्याचे ताट वेगळे असले तरी जागा सर्वांत असावी. आणि कोणी मुद्दाम त्याच्या डब्यात दाणा टाकून गंमत पाहत असेल, तर ती गंमत नव्हे, हे वर्गाला समजावून सांगा.

पुष्कळ आया विचारतात, की मग तान्ह्या मुलाला दाणे, अंडे उशिराच द्यावे का? पूर्वी डॉक्टरही तसेच सांगत. पण लंडनमध्ये सहाशेंवर बाळांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उलटेच दिसले. ज्या बाळांना पहिल्या वर्षातच दाण्याचे पदार्थ नियमित दिले, त्यांच्यात दाण्याचे वावडे पाचव्या वर्षी फार कमी आढळले. तेव्हा सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करताना हे पदार्थ उगीच टाळू नयेत. एका वेळी एकच नवा पदार्थ, थोडा थोडा द्यावा. दाणे मात्र बारीक वाटून पातळ करून; अख्खा दाणा लहान मुलाच्या घशात अडकतो. ज्या बाळाला अंगभर इसब आहे किंवा आधीच एखादे वावडे दिसले आहे, त्याच्यासाठी प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शेवटी एक विनंती करतो आणि थांबतो. आपण आग्रही माणसे आहोत. पंगतीत "आणखी एक, माझ्या गळ्याची शपथ" म्हटल्याशिवाय आपल्याला वाढल्यासारखे वाटत नाही. प्रसाद नाकारला तर पाप, सुनेने पदार्थ नाकारला तर अपमान, मुलाने नाकारला तर नखरा, असे आपण धरून चालतो. नवी सून तर बाधणारा पदार्थ लाजेपोटी गिळते. तिला आधी विचारा, आणि ती "नको" म्हणाली तर एकदाच ऐका. देवही नमस्कारावर संतुष्ट होतो.

माझा भाचा आता अकरावीत आहे. संक्रांतीला दरवर्षी येतो. आमच्या घरचा तिळगूळ आता खोबरे घालून होतो, आणि पहिला लाडू हातावर ठेवताना मी त्यात काय काय आहे, ते त्याला मोजून सांगतो. तो ऐकून घेतो, आणि मग स्वतःच्या हाताने खातो.